आकार दिल्यावर दीड-दोन महिन्यांनी ज्युनिपर तपकिरी पडतो: कारण कसे ओळखावे आणि काय करावे

बोन्साय नव्याने शिकू लागलेल्यांकडून एक तक्रार वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. नर्सरीतून हिरवागार ज्युनिपर (बारीक पानांचे एक सूचिपर्णी झाड) आणला, त्याची छाटणी केली, तार बांधली, उथळ कुंडीत बसवला. महिनाभर झाड उत्तम होते, मग रंग उतरू लागला आणि पाहता पाहता सगळे झाड तपकिरी पडले. पाणी कमी पडले असावे असे समजून पाणी वाढवले जाते, खत दिले जाते, झाड घरात आणले जाते, आणि तरीही ते जाते. मग दुसरे झाड येते आणि पुढच्या हंगामात नेमके तेच घडते. शेवटी 'हे झाड आपल्या हवेत टिकतच नाही' असे ठरवून पुष्कळजण वड, पिंपळ आणि जेडकडे वळतात.

हा निष्कर्ष घाईचा आहे. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात गच्चीवर उघड्या उन्हात वाढणारे ज्युनिपर वर्षानुवर्षे चांगले राहतात. कोकणात आणि विदर्भात काळजी जास्त घ्यावी लागते, एवढेच. बहुतेक झाडे हवेमुळे जात नाहीत. छाटणी, तार आणि कुंडीबदल ही तिन्ही कामे एकाच बैठकीत झाल्यामुळे ती जातात, आणि रंग उशिरा बदलत असल्याने दोष दुसऱ्याच कशावर तरी ढकलला जातो. म्हणून आधी निदान कसे करावे ते सविस्तर सांगतो. निदान चुकले की उपायही चुकतो, आणि ज्युनिपरच्या बाबतीत चुकीचा उपाय मूळ दुखण्याइतकाच घातक ठरतो.

रंग उशिरा का बदलतो

ज्युनिपरची पाने खवल्यांसारखी किंवा बारीक सुईसारखी असतात आणि त्यांच्यावर मेणचट थर असतो, त्यामुळे त्यांतून पाणी फार हळू उडते. जास्वंदीला किंवा तुळशीला पाणी मिळाले नाही तर काही तासांत पाने माना टाकतात. ज्युनिपरमध्ये कोमेजणे असे दिसतच नाही. मुळांकडून येणारे पाणी पूर्ण थांबले तरी हिरवा रंग कित्येक आठवडे टिकू शकतो. युरोप-अमेरिकेत नाताळसाठी तोडून आणलेले सूचिपर्णी झाड मुळाशिवाय इतके दिवस हिरवे दिसते, त्यामागचे कारणही हेच.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की आज दिसणाऱ्या तपकिरी रंगाचे कारण कालपरवाच्या पाण्यात शोधू नये. सहा ते आठ आठवडे मागे जावे आणि त्या सुमारास झाडावर काय काय केले ते आठवावे. छाटणीची, तार बांधल्याची आणि कुंडी बदलल्याची तारीख कुंडीला अडकवलेल्या पट्टीवर पेन्सिलने लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. पेन्सिलीची अक्षरे उन्हापावसात टिकतात, पेनची उडून जातात.

झाड अजून जिवंत आहे का, हे तीन ठिकाणी पाहावे. पहिले, शेंडे. वाढत्या ज्युनिपरचे शेंडे इतर पानांपेक्षा उजळ, किंचित पोपटी दिसतात. तो उजळपणा जाऊन सगळे झाड एकसारखे राखाडी-हिरवे दिसू लागले तर तपकिरी रंग येण्याआधीचा हा इशारा असतो. दुसरे, स्पर्श. जिवंत फुटवा बोटांमध्ये वाकवला तर लवचीक लागतो, मेलेला ताठ आणि कोरडा लागतो आणि चोळल्यास पाने गळतात. तिसरे, साल. बारीक फांदीवरची साल नखाने अगदी थोडी, तिळाएवढी खरवडावी. वरच्या तपकिरी पापुद्र्याखाली ओलसर हिरवट थर दिसला तर ती फांदी जिवंत आहे. कोरडा, पिवळट-तपकिरी दिसला तर त्या जागेपुरती तरी ती गेलेली आहे. ही चाचणी शेंड्याकडून सुरू करून बुंध्याकडे यावे, म्हणजे जिवंत भाग कुठून सुरू होतो ते कळते. खोडाच्या एकाच बाजूला खरवडून निष्कर्ष काढू नये, कारण ज्युनिपरचे खोड एका बाजूने मेलेले आणि दुसऱ्या बाजूने पूर्ण जिवंत असू शकते.

यानंतर तपकिरी रंग नेमका कुठे आहे ते पाहावे. सगळ्या झाडावर एकदम, एकाच फांदीवर, फक्त शेंड्यांवर, फक्त आतल्या भागात, की ठिपक्याठिपक्यांनी? या पाच प्रकारांची कारणे वेगळी आहेत आणि त्यांवर एकच उपाय लागू पडत नाही.

सगळे झाड एकदम निस्तेज होते तेव्हा

हा सर्वांत गंभीर आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे. यात दोष जवळजवळ नेहमी मुळांमध्ये असतो.

नर्सरीतला ज्युनिपर बहुधा काळ्या पिशवीत किंवा प्लॅस्टिकच्या कुंडीत, लाल मातीच्या घट्ट गड्ड्यात वाढलेला असतो. पिशवी फाडली की बाहेरच्या बाजूने मुळांचे दाट जाळे दिसते आणि आत मातीचा गोळा विटेसारखा कडक लागतो. नवखा माणूस हा गोळा पाण्याखाली धरून सगळी माती धुऊन काढतो, लांब मुळे कात्रीने सपाट कापतो, आणि उरलेली मुळे उथळ ट्रेमध्ये दाबून बसवतो. पाणी शोषण्याचे काम करणारी केसासारखी बारीक मुळे याच धुण्यात आणि कापण्यात जातात. वड किंवा उंबर हे सहन करतात, कारण ते काही आठवड्यांत नवी मुळे फोडतात. ज्युनिपरची नवी मुळे येण्याचा वेग फार कमी आहे. त्याच दिवशी वरची अर्धी हिरवळही काढली, तर नवी मुळे तयार करण्यासाठी लागणारे अन्न बनवणारे कारखानेही बंद पडतात. सूचिपर्णी झाडे आपली पुष्कळशी ताकद पानांमध्ये साठवून ठेवतात. पाने गळून गेली तरी खोडातल्या साठ्यावर पुन्हा फुटणाऱ्या झाडांचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही.

दुसरी शक्यता त्याच्या उलट आहे. जुना गड्डा न मोकळा करता तसाच उचलून नव्या, भुसभुशीत मिश्रणात ठेवला जातो. वरून घातलेले पाणी कडेच्या सैल मिश्रणातून झरझर खाली निघून जाते, कुंडीखालून पाणी वाहताना दिसते, वरचा थर ओला दिसतो, आणि मधला गोळा आतून कोरडाच राहतो. पाणी रोज देऊनही झाड तहानेने मरते. हे तपासण्यासाठी उदबत्तीची जुनी काडी किंवा बांबूची बारीक काडी खोडाजवळ, गड्ड्याच्या मध्यभागी, चार-पाच सेंटिमीटर खोल खुपसून दहा मिनिटे ठेवावी. ती बाहेर काढल्यावर कोरडी आणि स्वच्छ निघाली तर गड्डा कोरडा आहे. ओली आणि काळपट निघून तिला आंबूस वास येत असेल तर मुळे कुजत आहेत. ही एक काडी पानांकडे बघून केलेल्या दहा तर्कांपेक्षा जास्त सांगते.

गड्डा कोरडा निघाल्यास कुंडी काठापर्यंत पाण्याच्या टबात बुडवावी, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी, आणि नंतर काढून पूर्ण निथळू द्यावी. पुढच्या पाण्याच्या वेळी गड्ड्यात काडीने तीन-चार ठिकाणी हलकी छिद्रे करावीत, म्हणजे पाणी आत शिरेल. मुळे कुजत असल्यास पाणी कमी करावे आणि कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा ठेवून ती तिरकी करावी. सपाट ट्रेच्या तळाशी पाण्याचा एक थर साचून राहतो. ट्रे तिरका केला की तो थर लांबीच्या दिशेने निथळून जातो. माती न बदलता निचरा सुधारण्याचा एवढा साधा आणि निरुपद्रवी मार्ग दुसरा नाही.

दोन्ही बाबतींत पुढचे नियम सारखेच आहेत. झाड वाऱ्यापासून दूर, उजेडात पण दुपारच्या उन्हाबाहेर ठेवावे. सकाळचे दोन-तीन तासांचे ऊन त्याला हवेच. पानांवर दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारावा. खत अजिबात देऊ नये, कारण जखमी मुळांना क्षारांचा त्रास होतो. पुन्हा कुंडी बदलू नये. तार काचत नसेल तर ती तशीच राहू द्यावी, ती सोडवताना होणारी हालचालही या अवस्थेत नको असते. आणि झाड घरात आणू नये. आजारी माणसाला आत निजवावे तसे लोक झाडाला हॉलमध्ये टीपॉयवर आणून ठेवतात; ज्युनिपर हे पूर्णपणे उघड्यावरचे झाड आहे आणि खोलीतल्या उजेडात निरोगी ज्युनिपरही हळूहळू उपासमारीने मरतो. निरोगी झाड एखाद्या दिवशी पाहुण्यांसाठी आत ठेवायला हरकत नाही, पण आजारी झाडाला ती सवलतही नाही.

शेंड्यांवर पोपटी रंग परत दिसू लागेपर्यंत असेच चालू ठेवावे. यात महिने जाऊ शकतात. सगळ्या फांद्या ताठ आणि सगळीकडची अंतरसाल कोरडी असेल, तर मात्र झाड गेले आहे हे मान्य करून पुढच्या झाडाची तयारी करावी.

एकच फांदी तपकिरी पडते तेव्हा

बाकीचे झाड हिरवे आणि एकच फांदी बुडापासून टोकापर्यंत गेलेली, असे असेल तर कारण त्या फांदीपुरते असते. इथे तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली म्हणजे फांदीवर हिरवे किती ठेवले होते. ज्युनिपरच्या जुन्या, पूर्ण उघड्या लाकडातून सहसा नवे फुटवे येत नाहीत. फांदी आखूड करायची म्हणून हिरव्या भागाच्या मागे कापले आणि तिच्यावर एकही हिरवा फुटवा उरला नाही, तर ती फांदी गेली असे समजावे. बोगनवेलीवर किंवा चिंचेवर हात बसलेल्यांकडून हे हमखास होते, कारण तिथे खुंट ठेवला तरी तो फुटतो. ज्युनिपरची फांदी आखूड करायची असेल तर आतल्या बाजूचा एखादा अशक्त फुटवा आधी शोधावा, त्याच्यावर ऊन पडेल अशा रीतीने भोवतीचा पसारा विरळ करावा, तो एक-दोन हंगाम सशक्त होऊ द्यावा आणि मगच त्याच्यापर्यंत फांदी कापावी.

दुसरी म्हणजे फांदीची बगल. फांदी खाली वाकवताना ती खोडाशी जिथे जोडलेली असते तिथे वरच्या बाजूला चीर पडते. ही चीर तारेखाली लपते आणि त्या दिवशी दिसत नाही. तारेचा शेवटचा वेढा बगलेच्या वरून न जाता बाजूने गेलेला असेल तर आधार मिळत नाही आणि फांदी सहज चिरते. तार बांधताना जाडी फांदीच्या साधारण एक-तृतीयांश घ्यावी, वेढे ४५ अंशांच्या सुमारास तिरके आणि सारख्या अंतरावर असावेत, आणि शक्यतो एकाच तारेने जवळच्या दोन फांद्या बांधाव्यात, म्हणजे एकीचा आधार दुसरीला मिळतो. नवख्या हातांसाठी ॲल्युमिनियमची तार योग्य आहे. तांब्याची तार जास्त पकड देते, पण एकदा वळवली की कडक होते आणि दुरुस्तीला वाव देत नाही. वाकवताना दोन्ही अंगठे वाकाच्या आतल्या बाजूला ठेवून, बोटांनी तार धरून, फांदी थोडी थोडी सरकवावी आणि कानाने ऐकत राहावे. बारीकसा 'कट्' असा आवाज आला तर तिथेच थांबावे, फांदी किंचित मागे आणावी आणि चीर असलेल्या जागी ओल्या राफियाची (ताडवर्गीय झाडाच्या पानांच्या तंतूंची) किंवा कापडाची पट्टी घट्ट गुंडाळावी. अर्धवट चिरलेली फांदी अशा आधाराने बहुधा जगते. हलत राहिली तर मात्र सुकते. करंगळीपेक्षा जाड फांद्या नवख्यांनी वाकवायलाच घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट ज्युनिपरच्या शरीररचनेतली आहे आणि ती कळली की पुष्कळ कोडी सुटतात. या झाडात ठरावीक मुळे ठरावीक फांद्यांना पाणी पुरवतात आणि त्यांना जोडणारा जिवंत मार्ग खोडावरून पट्टीसारखा जातो. जपानच्या डोंगरकड्यांवरून आणलेल्या जुन्या शिम्पाकू ज्युनिपरमध्ये हे उघड दिसते: खोडाचा बराचसा भाग पांढराशुभ्र, मेलेला, आणि त्याच्या कडेने तांबूस सालीची एकच जिवंत शीर मुळापासून शेंड्यापर्यंत गेलेली. कुंडी बदलताना एका बाजूचे मोठे मूळ कापले गेले, तर त्याच बाजूची वरची फांदी दोन महिन्यांनी सुकते. ती छाटणीत किंवा तारेत काही चुकल्यामुळे गेली असे वाटते, पण कारण मातीखाली असते. याच कारणाने खोडावरची साल सोलून पांढरी पट्टी, म्हणजे शारी, काढण्याचा मोह पहिल्या दोन-तीन वर्षांत टाळावा. जिवंत मार्ग कुठून जातो हे ओळखता येत नसताना साल सोलणे म्हणजे कोणती फांदी मरणार हे न पाहता ठरवणे होय. काढूनच टाकायच्या फांदीचा खुंट सोलून ठेवायला, म्हणजे जिन करायला, मात्र हरकत नाही.

फांदी गेलीच असेल तर ती घाईने बुडातून कापू नये. सगळी पाने झडू द्यावीत, साल सोलावी आणि तिचा जिन म्हणून उपयोग होतो का ते पाहावे. ज्युनिपरवर मेलेले लाकूड शोभून दिसते.

फक्त शेंडे किंवा कडा तपकिरी

हा प्रकार घाबरवणारा दिसतो, पण बहुधा निरुपद्रवी असतो. कुंपणाची मेंदी कापावी तशी कात्री पानांच्या गुच्छावरून सपाट फिरवली की प्रत्येक कापलेल्या खवल्याची कड सुकते आणि दहा-पंधरा दिवसांत सगळ्या गुच्छावर तपकिरी किनार दिसू लागते. नखांनी शेंडे खुडत राहण्याची सवयही असाच परिणाम करते, आणि वारंवार केल्यास झाड अशक्त होते, कारण वाढीची ताकद शेंड्यांमध्येच असते.

योग्य पद्धत अशी. गुच्छातला बाहेर आलेला एकच लांब फुटवा चिमटीत धरावा, त्याच्या मागे मागे नजर न्यावी, आणि हिरव्या पानांखाली जिथे दांडी तपकिरी, काडीसारखी झालेली आहे तिथे, दोन फुटव्यांच्या बेचक्यात, टोकदार कात्रीने कापावे. पान एकही कापले जाऊ नये. पूर्ण फुटवा निघतो, शेजारचा आखूड फुटवा त्याची जागा घेतो आणि कुठेही तपकिरी कड राहत नाही. हे काम सावकाश होते. एका छोट्या झाडाला अख्खी दुपार लागली तरी ती वाया गेली असे समजू नये.

आणखी एक बदल लोकांना रोग वाटतो. जोरदार छाटणीनंतर खवल्यांसारख्या मऊ पानांच्या जागी टोचणारी, सुईसारखी पाने येऊ लागतात. ही झाडाची बालपणीची पाने आहेत आणि छाटणी त्याच्या ताकदीपेक्षा जास्त झाल्याची ती खूण आहे. ती उपटू नयेत. कात्री बाजूला ठेवून झाड मुक्तपणे वाढू दिले तर एक-दोन वर्षांत पुन्हा खवल्यांची पाने येतात. प्रोकम्बेन्स नाना ही जात मात्र कायमच सुईसारख्या पानांची असते, तिथे याची काळजी करण्याचे कारण नाही.

पावसाळ्यात नव्या कोवळ्या शेंड्यांपासून सुरुवात होऊन तपकिरी रंग मागे सरकत असेल, आणि मेलेल्या व जिवंत भागाच्या सीमेवर करड्या पट्ट्यात बारीक काळे ठिपके दिसत असतील, तर ती फोमॉप्सिस बुरशी असण्याची शक्यता मोठी आहे. असे शेंडे कोरड्या दिवशी, निरोगी भागात थोडे आत जाऊन कापावेत, कात्री प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसावी, कापलेले तुकडे कुंडीत न टाकता कचऱ्यात द्यावेत, आणि मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात फवारावे. पाने रात्रभर ओली राहणार नाहीत हे त्याहून महत्त्वाचे आहे: संध्याकाळी पानांवर पाणी मारू नये आणि कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवू नयेत.

आतला भाग पिवळा, बाहेरचा हिरवा

खोडाजवळची, सावलीत गेलेली जुनी पाने पिवळी-तपकिरी पडून झडत असतील आणि बाहेरचे शेंडे पोपटी असतील, तर ते नैसर्गिक आहे. ही मेलेली पाने चिमट्याने काढून टाकावीत, म्हणजे आत वारा आणि उजेड पोहोचतो. वर्षभर त्याकडे दुर्लक्ष केले तर आतले सगळे फुटवे मरतात, हिरवे फक्त टोकांना उरते, आणि मग फांदी आखूड करण्याची वाटच बंद होते.

ठिपकेठिपके, धुरकट रंग

फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत झाड धूळ बसल्यासारखे फिकट दिसू लागले आणि पाण्याने धुऊनही रंग परत आला नाही, तर लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी अतिशय बारीक कीड, आहे का ते तपासावे. पांढरा कागद फांदीखाली धरून फांदीवर दोनदा टिचकी मारावी. कागदावर पडलेल्या कणांकडे अर्धा मिनिट पाहावे. काही कण चालू लागले तर निदान झाले. त्यांवरून बोट फिरवल्यास लालसर रेघ उमटते. पाण्याच्या पाइपला बोट लावून जोराची धार पानांच्या खालून वर मारावी आणि तीन-चार दिवसांच्या अंतराने हे पुन्हा पुन्हा करावे. निम्मा प्रश्न यातच सुटतो. प्रादुर्भाव जास्त असेल तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम प्रमाणे सकाळी फवारावे, परंतु कडक उन्हाळ्याच्या दिवसांत टाळावे, कारण उष्णतेत ते पाने भाजते. निळसर पानांच्या जातींवर निंबोळी तेल किंवा इतर तेले वापरू नयेत. त्यांच्यामुळे पानांवरचा निळसर मेणाचा थर निघून जातो.

पुढच्या झाडाच्या वेळी कामांचा क्रम

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जपान, इंग्लंड किंवा अमेरिकेतले व्हिडिओ पाहून शिकणारे लोक मार्चमध्ये कुंडी बदलतात, कारण तिथे तसे सांगितलेले असते. तिथे मार्चनंतर सौम्य वसंत ऋतू येतो आणि मुळांना सावरायला थंड, ओलसर हवेचे दोन-तीन महिने मिळतात. आपल्याकडे मार्चनंतर चैत्र-वैशाखाचे ऊन येते. पुण्यात पारा ४० अंशांच्या आसपास आणि नागपुरात ४५ अंशांपर्यंत जातो. नुकतीच कापलेली मुळे आणि एप्रिलमधली झळ यांचा मेळ बसत नाही. तंत्र त्यांच्याकडून अवश्य शिकावे, पण दिनदर्शिका आपली वापरावी.

पठारावरील गावांसाठी मी पुढील क्रम सुचवतो. झाड आणल्यावर पहिला पावसाळा ते आहे त्याच कुंडीत उघड्यावर काढू द्यावे. या काळात त्याला जास्तीत जास्त ऊन मिळावे, निचरा नीट असावा आणि कात्री लागू नये. पावसाळा आणि ऑक्टोबरची उष्णता संपल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, पहिला आकार द्यावा. त्या वेळी कुंडीला हात लावू नये. बुंध्यावरची माती बोटाने बाजूला सारून मुळांचा पसारा कुठून सुरू होतो ते पाहावे, झाडाची पुढची बाजू ठरवावी, मेलेली पाने काढावीत, एकाच ठिकाणाहून निघालेल्या तीन-चार फांद्यांपैकी एक-दोन ठेवाव्यात, आणि खोडाला व मुख्य फांद्यांना तार बांधावी. एका बैठकीत एकूण हिरवळीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त काढू नये. झाड त्या दिवशी पूर्ण झालेले दिसणार नाही, आणि दिसूही नये. चित्रातल्यासारखे पानांचे सपाट थर पहिल्याच दिवशी मिळवण्याच्या हट्टापायी सर्वाधिक झाडे गेली आहेत.

कुंडी बदलण्याचे काम त्यानंतरचा पावसाळा उलटल्यावर येणाऱ्या जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करावे, तेही झाड मधल्या काळात जोमाने वाढले असेल तरच. मुळे एक-तृतीयांशापर्यंतच कापावीत. सगळी माती धुण्याऐवजी गड्ड्याच्या एका अर्ध्या बाजूची जुनी माती काडीने मोकळी करून काढावी आणि दुसरी बाजू तशीच ठेवावी. ती एक-दोन वर्षांनी पुढच्या कुंडीबदलाच्या वेळी काढावी. मिश्रणासाठी विटांचे ३ ते ५ मिलिमीटरचे तुकडे आणि तेवढीच भरड वाळू किंवा बारीक खडी मुख्यतः घ्यावी, आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत थोडेसेच मिसळावे. हे सगळे डासांच्या जाळीतून चाळून खाली पडणारी भुकटी फेकून द्यावी. तीच भुकटी तळाशी बसून निचरा बंद करते. झाड कुंडीच्या छिद्रांतून ओवलेल्या तारेने घट्ट बांधावे. वाऱ्याने झाड हलत राहिले तर नव्याने येणारी पांढरी मुळे रोज तुटतात, आणि हे कारण फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मुंबई आणि कोकणपट्टीत हिवाळा जेमतेम असतो, म्हणून तिथे ही दोन्ही कामे डिसेंबर-जानेवारीतच, पण वेगवेगळ्या वर्षी उरकावीत, मिश्रणात खत आणखी कमी ठेवावे आणि पावसाळ्यात ट्रे तिरका ठेवावा. विदर्भात एप्रिल-मेमध्ये ५० टक्क्यांचे शेडनेट आणि कुंडीला दुपारच्या उन्हापासून आडोसा हवाच. उथळ ट्रेमधली मुळे पानांच्या आधी भाजतात. लंडन किंवा न्यू जर्सीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या वाचकांनी तिथलेच वेळापत्रक पाळावे आणि बर्फ पडतो म्हणून झाड घरात आणू नये. थंडीची विश्रांती ज्युनिपरला लागते, फक्त कुंडीतली मुळे गोठणार नाहीत अशा बेताने कुंडी भिंतीच्या आडोशाला, जमिनीवर, पालापाचोळ्यात ठेवावी.

तारेबद्दल एक सूचना उरते. नोव्हेंबरमध्ये बांधलेली तार उन्हाळाभर निवांत दिसते आणि जून-जुलैमध्ये फांद्या जाड होऊ लागल्या की सालीत रुतते. पाऊस सुरू झाल्यापासून दर आठवड्याला, विशेषतः शेंड्याकडच्या फांद्यांवर, तार पाहावी. ती सालीला दाबू लागलेली दिसताच प्रत्येक वेढा वायर कटरने कापून तुकड्यातुकड्यांनी काढावी, उलटी फिरवून सोडवू नये. फांदी थोडी परत वर आली तरी तिला लगेच नवी तार बांधू नये. पुढचा नोव्हेंबर येईपर्यंत तिला वाढू द्यावे, आणि त्या वेळी शेंडे पोपटी असतील तरच पुन्हा तार हातात घ्यावी.